वही फाडू नका, आधी तेरीज बघा



वाळवण, साठवण आणि उपवासाच्या पारण्याचे लेख बरेच झाले. आज जरा वेगळा विषय घेते. हल्ली चौघीजणी भेटल्या की आधी गुडघ्यांची चौकशी होते, मग सुना-नातवंडांची, आणि तिसरा विषय निघतो लॅपटॉपचा. "अगं, चालू करते, चहा टाकते, चहा पिऊन कप धुऊन ठेवते, तरी तो गोल फिरतोच आहे!" पुढचं वाक्यही ठरलेलं असतं: "मुलगा म्हणतो, टाकून दे, नवीन घे."

नवीन घेऊ नका असं मी म्हणत नाही. पण टाकण्याआधी तो नेमका कशानं हळू झालाय ते बघा. ते बघता येतं, त्याला पैसे पडत नाहीत आणि त्यासाठी इंजिनिअर असावं लागत नाही. हिशेबाची सवय असलेल्या बाईला तर ते फारच जमतं.

मी १९८२ ची बी.कॉम. आम्हाला शिकवणारे सर म्हणायचे, तेरीज जुळली नाही की घाबरून वही फाडायची नाही. आधी फरक किती ते मांडा. त्या फरकाला दोननं भागा. अर्धी रक्कम कुठे दिसली, तर एखादी नोंद चुकीच्या बाजूला पडली असेल. फरकाला नऊनं भाग गेला, तर आकडे उलटसुलट लिहिले असतील, ५४ च्या जागी ४५. म्हणजे चूक स्वतःच आपला पत्ता सांगते, आपण विचारायला हवं. चाळीस वर्षांनी हेच सूत्र मला लॅपटॉपवर वापरायला मिळालं.

त्याला कारण झाला आमच्या महिला मंडळाचा लॅपटॉप. मंडळाचा शिक्षण निधी आहे. गरजू मुलींना दर वर्षी प्रत्येकी ८,००० रुपये फीसाठी देतो. गेल्या वर्षी चौदा मुली होत्या. निधीची खजिनदार मी, म्हणून २०१८ साली मंडळानं घेतलेला लॅपटॉप माझ्याकडे असतो. सगळा हिशेब, देणगीदारांची यादी, मुलींच्या गुणपत्रिका त्यातच. संध्याकाळचं जेवण सूर्यास्ताआधी आटोपलं की ऑनलाइन स्वाध्यायही त्याच्यावरच लागतो.

यंदा, म्हणजे २०२५ च्या मे महिन्यात, तो अगदीच बसला. एक्सेलची फाइल उघडायला मिनिटं लागायची, स्वाध्यायात महाराजांचा आवाज पुढे आणि चित्र मागे. बाजारपेठेतल्या एका दुकानात नेला. त्यांनी झाकण उघडून, चालू करून, दोन मिनिटं बघून निकाल दिला: "मॅडम, मशीन जुनं झालं. एकदा फॉरमॅट मारून बघू, नाहीतर नवीन घ्या. चांगला ४८,००० पर्यंत येईल." कमिटीच्या मीटिंगमध्ये सांगितलं, तर सेक्रेटरीताई म्हणाल्या, "निधीतून घेऊन टाकू या. अहो, आपल्याला काय कळतंय त्यातलं?"

माझ्या डोक्यात मात्र भागाकार सुरू झाला होता. ४८,००० भागिले ८,०००. सहा. सहा मुलींचं वर्ष. जून तोंडावर, यादीत सोळा अर्ज. मी एवढंच म्हटलं, "मला एक आठवडा द्या. नवीनच लागणार असेल तर पुढच्या रविवारी मीच ठराव मांडीन."

तो आठवडा कसा गेला ते क्रमानं सांगते, कारण क्रमालाच महत्त्व आहे.

सगळ्यात आधी बॅकअप. कुठलंही बटण दाबण्याआधी हिशेबाच्या फाइली एका पेन ड्राइव्हवर घेतल्या आणि दुसरी प्रत जावयांनी दिलेल्या बाहेरच्या हार्ड डिस्कवर. एक प्रत कपाटात, एक वन्संच्या घरी. 'फॉरमॅट मारू' हे वाक्य दुकानात फार सहज म्हणतात. फॉरमॅट म्हणजे पाटी पुसणं. पुसल्यावर आपण आतल्या मजकुरासाठी रडायचं नसेल, तर दुसरीकडे उतरवून घेणं हे आपलंच काम.

मग मोजमाप. स्वयंपाकघरातलं टायमरचं घड्याळ घेतलं. बटण दाबल्यापासून हिशेबाची फाइल उघडून त्यात आकडा टाईप करता येईपर्यंत किती वेळ? ११ मिनिटं ४० सेकंद. हा आकडा वहीत लिहिला, तारखेसकट. 'फार स्लो आहे' ही तक्रार झाली, '११ मिनिटं ४० सेकंद' ही नोंद झाली. पुढे जो उपाय केला त्यानंतर पुन्हा मोजायचं, आणि एका वेळी एकच उपाय, हा नियम ठेवला. डोकं दुखतं म्हणून एकदम चार गोळ्या घेतल्या, तर कुठल्या गोळीनं थांबलं ते कधीच कळत नाही.

आता खतावणी उघडायची. विंडोजमध्ये ती असते आणि तिचं नाव टास्क मॅनेजर. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबली की उघडते. छोटी खिडकी आली तर खालच्या 'मोअर डिटेल्स'वर क्लिक करायचं. मग रकाने दिसतात: सीपीयू, मेमरी, डिस्क, नेटवर्क. प्रत्येकाखाली टक्के. कुठला प्रोग्राम कशाचा किती खर्च करतोय ते ओळीनं मांडलेलं असतं. रकान्याच्या नावावर क्लिक केलं की सगळ्यात उधळा प्रोग्राम वर येतो. मला तर बघून आनंदच झाला. ही तर आपलीच भाषा!

आमच्या लॅपटॉपची तेरीज अशी होती: सीपीयू २० टक्के, मेमरी ९१ टक्के, डिस्क १०० टक्के. आणि तो १०० चा आकडा लाल होऊन नऊ-नऊ मिनिटं हलत नव्हता.

याचा अर्थ लावायला नातीनं मदत केली. ती इंजिनिअरिंगला आहे, तिच्या ऑपरेटिंग सिस्टीमच्या पुस्तकात हे सगळं आहे. ती इंग्रजीत सांगत होती आणि मी मनात स्वयंपाकघरात नेऊन ठेवत होते. सीपीयू म्हणजे स्वयंपाक करणारी. मेमरी, म्हणजे रॅम, हा ओटा. डिस्क म्हणजे माळा. जे आत्ता लागतं ते ओट्यावर, बाकीचं माळ्यावर. ऑपरेटिंग सिस्टीम ही घरातली कारभारीण: ओट्यावर काय ठेवायचं, कुठला गॅस कुणाला द्यायचा, काय परत वर टाकायचं, हे ती ठरवते. ओटा भरला की ती कमी लागणारं सामान माळ्यावर टाकते आणि लागलं की पुन्हा उतरवते.

ही युक्ती नवी नाही. मँचेस्टर विद्यापीठातल्या ॲटलस नावाच्या संगणकात १९६२ साली अशीच सोय होती, तिथे माळ्याच्या जागी फिरता ड्रम होता. अडचण येते ती ओटा फारच लहान पडला की. मग शिडी चढण्या-उतरण्यातच वेळ जातो आणि कढई गॅसवर नुसती तापत राहते. या अवस्थेला 'थ्रॅशिंग' म्हणतात. पीटर डेनिंग या अमेरिकन संशोधकानं १९६८ साली तिच्या कारणांवर आणि उपायांवर निबंध लिहिला. म्हणजे आपण ज्याला 'मशीन जुनं झालं' म्हणून मोकळं होतो, तो आजार पन्नास वर्षांहून आधी नाव-गाव घेऊन बसलेला आहे.

आमच्याकडे तेच चाललं होतं. स्वयंपाक करणारी वीस टक्केच कामात होती. ती थकलेली नव्हती, ती सामानाची वाट बघत होती. फक्त तिच्याकडे बघून घर बदला म्हणणं बरोबर आहे का?

सोमवारी पहिला उपाय, फुकटातला. टास्क मॅनेजरमध्ये 'परफॉर्मन्स' नावाचा भाग आहे, तिथे सीपीयूवर क्लिक केलं की 'अप टाइम' दिसतो, म्हणजे मशीन किती वेळ सलग चालू आहे. आमचा होता २३ दिवस! रोज रात्री तर बंद करतो. पण विंडोजमध्ये 'फास्ट स्टार्टअप' नावाची सोय असते. शट डाउन केलं की ती आपल्या मुख्य भागाची जशीच्या तशी घडी घालून डिस्कवर ठेवते आणि सकाळी तीच घडी उलगडते, म्हणजे लवकर चालू व्हावं. त्यामुळे कालचा गुंता आजही तसाच. 'रीस्टार्ट' केलं मात्र, की सगळं पहिल्यापासून मांडलं जातं. म्हणून काही बिघडलं की आधी रीस्टार्ट, शट डाउन नव्हे. आमचा वेळ ११ मिनिटं १० सेकंदांवर आला. थोडा, पण वहीत लिहिला.

मंगळवारी 'स्टार्टअप'चा भाग. मशीन चालू होताना न बोलावता कोण कोण येऊन बसतं त्याची ही यादी. चौदा पाहुणे होते. २०१९ साली विकलेल्या प्रिंटरचा प्रोग्राम अजून रोज सकाळी हजर. गाण्यांचं एक ॲप, मीटिंगची तीन ॲप्स, 'अपडेटर' नावाचे दोन-तीन. प्रत्येकापुढे लिहिलेलं असतं, चालू होताना त्याचा भार जास्त, मध्यम की कमी. नाव ओळखीचं आहे आणि रोज लागत नाही, अशा नऊ जणांवर उजवं क्लिक करून 'डिसेबल' केलं. डिसेबल म्हणजे काढून टाकणं नाही. हाक मारली की येतात, फक्त पहाटे येऊन दारात बसत नाहीत. टचपॅडचा, आवाजाचा आणि सुरक्षेचा प्रोग्राम तसाच ठेवला. ज्याचं नाव कळलं नाही त्यालाही हात लावला नाही. वेळ: ८ मिनिटं २० सेकंद. या एका कामानं जवळजवळ तीन मिनिटं वाचली, आणि मैत्रिणींनो, हे तुम्ही आज दुपारी करू शकता.

बुधवारी दोन राखणदारांचं भांडण मिटवलं. मशीनबरोबर एक अँटीव्हायरस फुकट आला होता. त्याची मुदत कधीच संपली होती, पण 'पैसे भरा, पैसे भरा' म्हणत तो घरातच ठिय्या देऊन होता. तो रीतसर अनइन्स्टॉल केला. विंडोजचा स्वतःचा डिफेंडर आपोआप कामाला लागला. तो लागलाय ना, हे 'विंडोज सिक्युरिटी'मध्ये जाऊन बघितलं. ७ मिनिटं ५ सेकंद.

गुरुवारी साफसफाई. सेटिंग्ज, मग सिस्टीम, मग स्टोरेज. सी ड्राइव्ह १०० जीबीचा, त्यात शिल्लक सहा. टेम्पररी फाइल्स, जुन्या अपडेटचे अवशेष, रीसायकल बिन, असं मिळून ३१ जीबी मोकळं झालं. इथे एक सावधगिरी: त्या यादीत 'डाउनलोड्स' असंही एक चौकोन असतो. त्यावर खूण केली तर तिथे उतरवून ठेवलेली कागदपत्रं, फोटो, पावत्या सगळं जातं. ती खूण करायची नाही. आधी आत जाऊन बघायचं, हवं ते हलवायचं.

एवढं करून वेळ किती? ७ मिनिटं. फक्त पाच सेकंदांचा फरक. मला वाईट नाही वाटलं, उलट बरं वाटलं, कारण एक गोष्ट पक्की कळली. माळा भरलेला असणं वेगळं आणि शिडी मोडकी असणं वेगळं. जागा नसल्यामुळे अडकलेली अपडेट्स मात्र त्या रात्री सुरळीत बसली, तो फायदा झालाच.

त्याच दिवशी सिस्टीम फाइल चेकरही चालवला. विंडोजच्या स्वतःच्या फाइली खराब झाल्यात का ते तो तपासतो आणि जमेल तिथे दुरुस्त करतो. काळ्या खिडकीत आज्ञा टाईप करावी लागते, ते नातीनं केलं. काही सापडलं नाही. म्हणजे सॉफ्टवेअर बरं होतं. संशयितांच्या यादीतून एक नाव गेलं, हीसुद्धा कमाईच.

मग राहिला तो १०० टक्क्यांचा लाल आकडा. जुन्या लॅपटॉपमध्ये फिरती हार्ड डिस्क असते. आत ग्रामोफोनच्या तबकडीसारख्या चकत्या फिरतात, लॅपटॉपमध्ये बहुतेकदा मिनिटाला ५,४०० फेरे, आणि एक बारीक दांडा इकडून तिकडे जाऊन वाचतो. एका जागेवरून दुसऱ्या जागी जायला सेकंदाचा साधारण शंभरावा भाग लागतो. ऐकायला काहीच नाही. पण विंडोज चालू होताना अशा हजारो उड्या लागतात. एसएसडी नावाची नवी डिस्क असते, तिच्यात फिरणारं काहीच नाही, सगळं चिपमध्ये. तिथे ही शोधाशोध जवळपास उरतच नाही.

आमच्या डिस्कमधून अधूनमधून टक-टक असा आवाजही येत होता. नातीनं क्रिस्टलडिस्कइन्फो हा फुकट मिळणारा प्रोग्राम चालवला. डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद आत ठेवत असते, तो ती वाचून दाखवतो. निळा रंग म्हणजे ठीक, पिवळा म्हणजे जपा, लाल म्हणजे वाईट. आमच्याकडे पिवळा आला. खराब झालेल्या जागांऐवजी डिस्क राखीव जागा वापरायला लागली होती.

इथे मी जरा थांबले आणि दुकानातला सल्ला पुन्हा आठवला. फॉरमॅट मारला असता, तर त्याच थकलेल्या डिस्कवर तेच विंडोज पुन्हा बसलं असतं. चार दिवस बरं वाटलं असतं, मग पुन्हा तेच, आणि हिशेब पुसला गेला असता तो वेगळा. आणि नवीन घेतला असता, तर ४८,००० मध्ये मुख्यतः काय बदललं असतं? डिस्क आणि रॅम. त्या दोनच वस्तू बदलता येतात का, हे विचारायचं राहिलं होतं.

शुक्रवारी आमच्या गल्लीच्या टोकाला दुरुस्ती करणाऱ्या मुलाकडे गेले. त्याला वही दाखवली. तो वाचून हसला, "काकू, निम्मं काम तुम्हीच करून आणलंय." मी विचारायचे प्रश्न लिहून नेले होते: या मॉडेलमध्ये रॅम वाढवायला जागा मोकळी आहे का, की ती बोर्डालाच चिकटवलेली आहे? डिस्क कुठल्या प्रकारची बसते? जुन्यावरचं सगळं नव्यावर जसंच्या तसं उतरवून मिळेल का? जुनी डिस्क मला परत मिळेल का? हे चार प्रश्न तुम्हीही लिहून ठेवा. काही पातळ लॅपटॉपमध्ये रॅम खरोखरच चिकटवलेली असते, तिथे फार काही करता येत नाही.

आमच्याकडे एक खाच मोकळी होती. ५०० जीबीची एसएसडी २,९००, चार जीबीची रॅम १,१००, पंखा साफ करून सगळं बसवायची मजुरी ६००. एकूण ४,६००. पंख्यातून कापसाच्या वातीएवढी धूळ निघाली. हवा कोंडली की मशीन तापतं आणि तापलं की सीपीयू जळू नये म्हणून आपणहून वेग कमी करतो. म्हणून गादीवर, उशीवर लॅपटॉप ठेवू नका. खाली पाट ठेवला तरी चालतो.

शनिवारी संध्याकाळी घरी आणला. टायमर लावला. बटण दाबलं. फाइल उघडून आकडा टाईप केला तेव्हा घड्याळात ५५ सेकंद होते. आमचे हे पेपर बाजूला ठेवून म्हणाले, "पुन्हा कर." पुन्हा केलं. ५४.

रविवारच्या मीटिंगमध्ये मी वहीच पुढे ठेवली. तारीख, उपाय, वेळ, खर्च. पण त्यात शेवटी एक नोंद अशीही होती जी कुणी विचारली नव्हती. या लॅपटॉपमध्ये विंडोज १० आहे आणि मायक्रोसॉफ्टनं त्याचा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ पासून बंद करायचं आधीच जाहीर केलेलं होतं. विंडोज ११ साठी टीपीएम २.० नावाची सुरक्षा-सोय आणि ठरावीक पिढीच्या पुढचा प्रोसेसर लागतो, इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासून. आमचा सातव्या पिढीचा. म्हणजे वेग आला तरी मुदत होतीच. ४,६०० रुपयांत मी मंडळाला नवा लॅपटॉप दिलेला नाही, विचार करायला अवधी दिलाय, असं मी स्पष्ट सांगितलं. हिशेबात येणं बाकीही दाखवायचं आणि देणंही.

सेक्रेटरीताईंनी वही हातात घेतली, बोटानं ओळी मोजल्या आणि विचारलं, "मग ४३,४०० निधीतच राहिले?" मी म्हटलं, "हो. पाच मुलींची फी आणि वर ३,४०० शिल्लक." त्या काही बोलल्या नाहीत, अर्जांची फाइल पुढे ओढली. त्या दिवशी सोळाच्या सोळा अर्ज मंजूर झाले.

ऑक्टोबरची सोय नंतर झाली. विंडोज १० वाल्यांना सुरक्षेची अपडेट्स आणखी एक वर्ष, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात, पण त्यासाठी नाव नोंदवावं लागतं. मायक्रोसॉफ्टच्या खात्याला पीसीची सेटिंग्ज जोडून ठेवली तर वेगळे पैसे पडत नाहीत. सेटिंग्जमध्ये अपडेटच्या पानावर ती सोय दिसते. तुमच्यापैकी ज्यांच्याकडे विंडोज १० आहे त्यांनी हे लगेच करा. त्यापुढे काय, याची तयारी म्हणून नातीनं लिनक्स मिंट ही मोफत ऑपरेटिंग सिस्टीम पेन ड्राइव्हवर टाकून दिलीय. इन्स्टॉल न करता पेन ड्राइव्हवरूनच चालवून बघता येते. मी रोज अर्धा तास सराव करते. हिशेबाच्या फाइली तिच्यातल्या लिब्रेऑफिसमध्ये उघडतात, बेरजा जुळतात. प्रिंटरशी अजून तिचं गोत्र जुळलेलं नाही, बघू.

आता दोन इशारे. पहिला: 'एका क्लिकमध्ये कॉम्प्युटर फास्ट' म्हणणारे क्लीनर आणि बूस्टर घेऊ नका. त्यातले बरेच रजिस्ट्री साफ करतो म्हणतात. रजिस्ट्री म्हणजे विंडोजची सगळ्या नोंदींची मुख्य वही, आणि असे क्लीनर वापरण्याला स्वतः मायक्रोसॉफ्टचा पाठिंबा नाही. अनोळखी माणसाच्या हातात खतावणी आणि खोडरबर देण्यासारखं आहे ते. अपडेट्स बंद करून वेग वाढवण्याचा सल्लाही कुणी दिला तर ऐकू नका. आणि एसएसडी बसवलीत की तिच्यावर जुन्या सवयीनं डीफ्रॅग करत बसू नका. तिची निगा विंडोज आपोआप घेतं.

दुसरा इशारा जास्त महत्त्वाचा. 'कॉम्प्युटर स्लो' असं शोधत असताना एकदा माझ्यासमोर पूर्ण स्क्रीनभर लाल पाटी आली. भोंगा वाजायला लागला, 'तुमच्या मशीनमध्ये व्हायरस आहे, या नंबरवर ताबडतोब फोन करा.' मैत्रिणींनो, मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या इशाऱ्यांमध्ये कधीही फोन नंबर नसतो. नंबर दिसला की समजा, पलीकडे ठग बसलाय. तो गोड बोलून एक ॲप घ्यायला लावतो, आपली स्क्रीन त्याच्या ताब्यात जाते आणि मग बँकेचं खातं उघडायला सांगतो. मी वायफाय बंद केलं आणि लॅपटॉपचं पॉवरचं बटण दाबून धरलं. भोंगा बंद, पाटी गायब. फोन करायचा नाही, कुणाला लाज वाटेल म्हणून लपवायचं नाही. पैसे गेलेच तर १९३० या सरकारी हेल्पलाइनला लगेच फोन करायचा. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम अडवता येण्याची शक्यता जास्त.

ज्यांचा लॅपटॉप रडतोय त्यांनी एवढंच करा. आज बॅकअप घ्या. उद्या सकाळी घड्याळ लावून वेळ मोजा आणि लिहा. मग रीस्टार्ट करून टास्क मॅनेजर उघडा आणि तीन रकान्यांचे आकडे बघा. डिस्क सारखी १०० वर असेल आणि मशीन फिरत्या डिस्कचं असेल, तर दुखणं बहुधा तिथे आहे. मेमरी नव्वदच्या वर असेल, तर ब्राउझरच्या उघड्या ठेवलेल्या पंचवीस खिडक्या आधी बंद करा, मग रॅमचं बघा. सीपीयू काही न करता सत्तर-ऐंशीवर असेल, तर त्या रकान्यात सगळ्यात वर कोण बसलंय त्याचं नाव लिहून घ्या. आणि नाव कळलं नाही तर काढून टाकू नका, कुणा जाणत्याला विचारा.

मोजून झालं की मला आकडे पाठवा. नुसतं 'स्लो आहे' लिहून पाठवू नका, टक्के आणि मिनिटं लिहा. दुपारी दोन ते चार मी मोकळी असते, वही घेऊन बसेन.